इंग्लंडात काउन्सिलचं घर कसं मिळतं: नव्याने आलेल्यांसाठी, माझ्या चुकीसकट

दर दोन-तीन आठवड्यांनी कुणाचा तरी मेसेज येतोच, "ताई, इकडे काउन्सिलचं घर मिळतं म्हणे, फॉर्म कुठे भरायचा?" विचारणारा बहुतेक वेळा वर्षभरापूर्वी पुण्याहून नाहीतर ठाण्याहून आलेला असतो, वन बेडचं भाडं भरून भरून मेटाकुटीला आलेला असतो आणि डोक्यात म्हाडाची लॉटरी असते, म्हणजे फॉर्म भरा, अनामत भरा, नशिबात असेल तर नंबर लागेल. तर आधीच सांगून टाकते, काउन्सिल म्हणजे इथली स्थानिक पालिका, तिची घरं भाड्यानं मिळतात, आणि इथे लॉटरी नाही. आणि आधी आला त्याला आधी घर, अशी साधी रांगही नाही. तुमची गरज किती आहे, ती कागदावर दिसते का आणि कुठल्या तारखेपासून दिसते, एवढं काउन्सिल बघते. त्यातला "तारीख" हा शब्द लक्षात ठेवा, माझी दोन वर्षं त्या एका शब्दापायी गेली, पुढे सांगते.

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे हं. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये तर काउन्सिल घरं वाटतच नाही, १९७१ पासून ते काम हाऊसिंग एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेकडे आहे, आणि त्यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६८ साली कॅलेडन नावाच्या गावात काउन्सिलनं एका १९ वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला घर दिलं आणि तिच्या शेजारच्याच घरात राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबाला बाहेर काढलं, त्यावर ऑस्टिन करी या तिथल्या आमदारानं त्या घरात घुसून ठिय्या दिला आणि नागरी हक्कांची चळवळ पेटली. घर कुणाला द्यायचं हे साहेबाच्या मर्जीवर ठेवलं की काय होतं ते त्या बेटावर चांगलंच बघून झालंय. इंग्लंडातसुद्धा प्रत्येक काउन्सिलला आपली घरवाटपाची पद्धत लिहून ठेवावीच लागते, १९९६ च्या हाऊसिंग अ‍ॅक्टमध्ये तसं स्पष्ट आहे. "अलोकेशन पॉलिसी" किंवा "अलोकेशन स्कीम" नावानं ती काउन्सिलच्या वेबसाइटवर असते. पन्नास-साठ पानं असतात, कंटाळवाणी असते, पण वाचा. ऑफिसच्या काउंटरवरच्या माणसानं ती पूर्ण वाचलेली असतेच असं नाही.

आधी व्हिसा बघा

इथेच बहुतेकांचा प्रवास संपतो, म्हणून हे सगळ्यात आधी. तुम्ही स्किल्ड वर्करवर, स्टुडंटवर किंवा त्यांच्या डिपेंडंटवर असाल तर तुमच्या ई-व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" असं, म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही असं, लिहिलेलं असणार. काउन्सिलचं घर हे पब्लिक फंडात मोडतं. म्हणजे अर्ज नामंजूर होईल एवढंच नाही, व्हिसाची अट मोडली असं होऊ शकतं आणि ते पुढे आयएलआरच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीच्या, वेळी नडतं. तेव्हा "टाकून तर बघू, काय होतंय" हा आपला लाडका हिशेब इथे नको.

आयएलआर मिळाला, ब्रिटिश पासपोर्ट झाला, किंवा रेफ्युजी म्हणून मान्यता मिळाली की दार उघडतं. त्यातही दोन-तीन खाचाखोचा आहेत. आईवडिलांना तुम्ही "आम्ही सांभाळू" असं लेखी हमीपत्र देऊन आणलं असेल तर त्यांना आयएलआर असूनही साधारण पाच वर्षं हे मिळत नाही. गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली मंडळी, स्विंडनमध्ये आणि साउथॉलकडे आहेत बघा पुष्कळ, त्यांना ईयूचं सेटल्ड स्टेटस असेल तर प्रश्न नाही, पण प्री-सेटल्ड असेल तर नुसतं तेवढ्यावर भागत नाही, नोकरी वगैरे चालू असल्याचं दाखवावं लागतं. आणि जन्मानं ब्रिटिश पण वीस वर्षं भारतात राहून परत आलेले असाल तर "हॅबिच्युअल रेसिडन्स", म्हणजे तुम्ही इथे खरोखर राहायला आलात हे पटवावं लागतं.

नवरा ब्रिटिश आणि बायको स्पाउस व्हिसावर, असं जोडपं असेल तर ब्रिटिश माणूस स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतो, पण टेनन्सी, म्हणजे भाडेकरार, दोघांच्या नावावर होत नाही. अशा केसमध्ये फॉर्म भरायच्या आधी इमिग्रेशनच्या जाणकार माणसाला एकदा विचारून घ्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नव्हे.

मग काउन्सिलची स्वतःची अट

२०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टनंतर काउन्सिलांना आपल्या यादीत कुणाला घ्यायचं हे ठरवायची बरीच मोकळीक मिळाली. त्यातली नेहमीची अट म्हणजे लोकल कनेक्शन, कुठे दोन वर्षं त्या हद्दीत राहिलेलं लागतं, कुठे पाच. हिलिंग्डनमध्ये तर दहा वर्षांची अट होती. ती रेफ्युजी आणि ट्रॅव्हलर (भटक्या समाजाच्या) लोकांच्या बाबतीत भेदभाव करणारी ठरते असं २०१९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलनं म्हटलं. म्हणजे अट असते, पण ती दगडावरची रेघ नसते. घरच्या माणसाच्या मारहाणीमुळे पळून यावं लागलेल्यांना बहुतेक ठिकाणी ही अट शिथिल असते.

याचा व्यवहारी अर्थ असा की लंडनच्या हद्दीत दर वर्षी स्वस्त भाड्यासाठी या बरोमधून (बरो म्हणजे एकेका काउन्सिलची हद्द) त्या बरोमध्ये उड्या मारत राहिलात तर तुमची वर्षं कुठेच भरत नाहीत. मीटर परत शून्यावर. ज्यांना पुढेमागे आयएलआर होणार आहे त्यांनी तरी हे आत्तापासून डोक्यात ठेवा.

शिवाय उत्पन्नाची आणि बचतीची मर्यादा, आधीची भाड्याची थकबाकी, आणि स्वतःच्या मालकीचं घर. इथे आपली माणसं गडबडतात. फॉर्मवर "यूकेमध्ये किंवा परदेशात मालमत्ता आहे का" असं विचारलेलं असतं आणि डोंबिवलीचा फ्लॅट, जो वडिलांच्या आणि आपल्या जोड नावावर आहे, तो कोण बघतोय इथे, असं म्हणून सोडून देतात. सोडू नका. कसा आहे, कोण राहतं त्यात, विकता का येत नाही ते लिहा. खोटी माहिती देणं किंवा विचारलेली माहिती दडवणं हा त्याच १९९६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि मिळालेलं घरही जाऊ शकतं.

फॉर्म, आणि खोल्यांचा हिशेब

फॉर्म ऑनलाइन असतो. पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड, मुलांचे जन्मदाखले, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आत्ताचा भाडेकरार आणि मागच्या पाच वर्षांचे पत्ते तारखांसकट. कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण हेच पुन्हा पुन्हा मागतात.

खरी गंमत खोल्यांच्या हिशेबात आहे. तुम्हाला किती बेडरूम "लागतात" हे तुम्ही नाही, पॉलिसी ठरवते. साधारण पद्धत अशी: नवरा-बायकोला एक खोली, मोठ्या एकट्या माणसाला एक (मोठा म्हणजे कुठे १६ पासून, कुठे २१ पासून), दहा वर्षांखालची कुठलीही दोन मुलं एका खोलीत, आणि दहाच्या वर मुलगा-मुलगी एकत्र नाही, दोन मुली किंवा दोन मुलगे चालतात.

आता आमचं उदाहरण घ्या. वन बेडचा फ्लॅट, आम्ही दोघं, लेक नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. माझ्या मते आम्ही सार्डिनसारखे कोंबलेलो होतो. काउन्सिलच्या मते एक खोली आमची, एक दोन्ही मुलांची, म्हणजे गरज दोन बेडरूमची आणि कमी पडते एकच. दुसरा एक कायदा आहे, "स्टॅच्युटरी ओव्हरक्राउडिंग"चा, तो आता १९८५ च्या अ‍ॅक्टमध्ये असला तरी त्याची मोजपट्टी १९३५ ची आहे, आणि त्यात हॉलसुद्धा झोपायची खोली म्हणून धरतात, वर्षाखालचं बाळ मोजतच नाहीत आणि एक ते दहामधलं मूल अर्धा माणूस. दोन खोल्यांत तीन माणसं चालतात. आम्ही किती? दोन मोठे, अर्धी लेक, अर्धा मुलगा. बरोब्बर तीन. म्हणजे कायद्याच्या भाषेत आम्ही ऐसपैस राहत होतो.

आणि मग लेक दहा वर्षांची झाली. केक कापला, शाळेच्या मैत्रिणी आल्या, सगळं झालं, पण त्या दिवशी आमची गरज दोन बेडरूमवरून तीनवर गेली आणि तिचा अर्धा माणूस अख्खा झाला, म्हणजे जुन्या मोजपट्टीनंसुद्धा साडेतीन, गर्दी, हे माझ्या गावीही नव्हतं. मला वाटलं त्यांच्याकडे जन्मतारीख आहे, आपोआप बदलेल. आपोआप काही बदलत नाही. ती बारा वर्षांची होत आली तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "अगं, चेंज ऑफ सर्कमस्टन्सेसचा फॉर्म भरलास ना?" परिस्थिती बदलल्याचं कळवायचा तो फॉर्म भरला त्या दिवशी. बँड, म्हणजे गरजेची पायरी, वाढला, पण वाढलेल्या बँडची तारीख लागली ती फॉर्म भरल्याची, वाढदिवसाची नाही. फोन केला, ईमेल केले, पॉलिसीत तसंच लिहिलेलं होतं. दोन वर्षं गेली ती गेली.

म्हणून मुलांच्या दहाव्या वाढदिवसाचा, आणि पॉलिसीत असेल तो सोळावा किंवा एकविसावा, फोनमध्ये रिमाइंडर लावा. बाळ झालं, सासूबाई कायमच्या राहायला आल्या, पत्ता बदलला, आजारपण आलं, काहीही झालं तरी त्याच आठवड्यात कळवा आणि कळवल्याचा पुरावा ठेवा.

बँड आणि तारीख

कायद्यानं काही लोकांना "रिझनेबल प्रेफरन्स" द्यावाच लागतो: बेघर असलेले, गर्दीच्या किंवा राहण्यालायक नसलेल्या घरात राहणारे, तब्येतीमुळे किंवा इतर सांभाळाच्या कारणामुळे घर बदलायची गरज असलेले, आणि ठरावीक भागात गेलं नाही तर हाल होतील असे. याच्यावर प्रत्येक काउन्सिल आपले बँड बांधते, कुठे ए ते डी, कुठे १ ते ३, कॅमडनसारख्या ठिकाणी पॉइंट्स. वरच्या बँडचा माणूस खालच्याच्या आधी, आणि एकाच बँडमध्ये ज्याची तारीख जुनी तो आधी. सगळ्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे, बाकी पन्नास पानं त्याचे अपवाद.

मेडिकल प्रायॉरिटीबद्दल एक सांगते. जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, "या पेशंटला दमा आहे, कृपया घर द्यावे" असं पत्र आणून काही होत नाही. डॉक्टर आजाराबद्दल लिहितात, काउन्सिलला हवा असतो आजार आणि घर यांचा संबंध. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिना चढायला वीस मिनिटं लागतात, म्हणून फिजिओच्या अपॉइंटमेंट चुकतात, असं लिहिलेलं पत्र चालतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (घरात वावरायला काय अडतं ते तपासणाऱ्याचा) रिपोर्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं.

बिडिंग, म्हणजे लिलाव नव्हे

यादीत नाव लागलं की लॉगिन मिळतो. पश्चिम लंडनमध्ये हॅरो, ब्रेंट, ईलिंग वगैरेंची "लोकाटा" नावाची साइट आहे, बाकी ठिकाणी वेगवेगळ्या. दर आठवड्याला रिकामी झालेली घरं तिथे लागतात, काही काउन्सिलची, काही हाऊसिंग असोसिएशनची (स्वस्त भाड्याची घरं चालवणाऱ्या ना-नफा संस्थांची), आणि तुम्ही "बिड" करायचं. या शब्दानं फार घोटाळा होतो. माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा विचारलं होतं की किती पाउंडाची बोली लावायची. पैसे लावायचे नसतात हो. बिड म्हणजे फक्त "मला हे चालेल" असं हात वर करणं. शेवटच्या मिनिटाला केलं काय आणि पहिल्या मिनिटाला केलं काय, फरक पडत नाही, मुदत संपल्यावर यंत्र बँड आणि तारखेप्रमाणे लावतं.

बऱ्याच साइट्सवर तुमचा त्या घरासाठी कितवा नंबर आहे ते दिसतं. सुरुवातीला दोनशेच्या पुढचे आकडे बघून जीव बसतो. २०२४ च्या मार्चअखेर इंग्लंडभर तेरा लाखांहून जास्त कुटुंबं अशा याद्यांवर होती, आणि १९८० पासून "राइट टू बाय"खाली जवळजवळ वीस लाख घरं भाडेकरूंना विकून झालीत, त्याच्या जोडीला नवी तितकी बांधलीच नाहीत. तर थांबणं आहेच. पण बिड वाया घालवू नका, आठवड्याला दोन-तीनच बिड मिळतात कुठे कुठे, जिथे पंचविसाच्या आत नंबर दिसतो तिथे टाका, आणि जुन्या निकालांची यादी साइटवर असते ती बघा, कुठल्या भागात कुठल्या बँडला आणि कुठल्या तारखेला घर गेलं ते कळतं. आमच्याकडे बागवालं घर म्हणजे शंभर माणसं, आणि लिफ्ट असलेल्या टॉवरमधला सातवा मजला म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. मुंबईच्या माणसाला सातव्या मजल्याचं काय कौतुक? तिथे आपला फायदा आहे.

जाहिरातीत "सोशल रेंट" आहे की "अफोर्डेबल रेंट" तेही बघा. सोशल रेंट बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास पडतं, अफोर्डेबल ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि लंडनमध्ये ते ८० टक्के कुणाला अफोर्डेबल आहेत देव जाणे.

घर बघायला बोलावलं तर

वरच्या तीन-पाच जणांना एकत्रच बोलावतात कधीकधी. आम्हाला बोलावलं तेव्हा जिन्यात पाच कुटुंबं उभी होती, कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं, किल्ल्या घेऊन आलेल्या बाई एकेकाला आत सोडत होत्या आणि दहा मिनिटांत बाहेर काढत होत्या. आम्ही तिसरे. आधीचे दोघं नको म्हणाले, कारण आत जे दिसतं ते बघून माणूस दचकतोच: कार्पेट उपटून नेलेलं, उघडी काँक्रीटची जमीन, भिंतीच्या कडेनं कार्पेट पकडणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या तशाच, पडदा नाही, शेगडी नाही, भिंतींवर जुन्या कपाटांचे आकार. काउन्सिलचं घर असंच मिळतं, सामान स्वतःचं. मुलांना पायात बूट घालूनच न्या. मला मात्र खिडक्या दिसल्या आणि कोपऱ्यांत बुरशी नव्हती ते दिसलं, बस.

नाही म्हणायच्या आधी पॉलिसी बघा. कुठे एक-दोनदा नकार दिला की बँड खाली जातो किंवा काही महिने बिडिंग बंद होतं. हो म्हटलंत तर सगळे मूळ कागद परत तपासतात, बहुधा पहिल्या आठवड्याचं भाडं आगाऊ घेतात, आणि पहिलं वर्ष "इंट्रोडक्टरी" टेनन्सी असते, ते नीट गेलं की पक्की.

आणि घरच जायची वेळ आली तर

हा वेगळा दरवाजा आहे. ५६ दिवसांत बेघर व्हायची पाळी आहे असं दिसलं तर काउन्सिलनं मदत करायलाच पाहिजे, हे २०१७ च्या होमलेसनेस रिडक्शन अ‍ॅक्टनं आलं. लँडलॉर्डची नोटीस आली की लगेच जा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. कारण न देता घर खाली करायला लावणारं सेक्शन २१ तर १ मे २०२६ पासून बंद, तेव्हा त्या तारखेनंतर कुणी तसलं पत्र देत असेल तर आधी सल्ला घ्या.

एक मात्र अगदी करू नका: लँडलॉर्ड ओरडला म्हणून लाजेकाजेस्तव सामान उचलून निघू नका. स्वतःहून घर सोडलंत तर "इंटेन्शनली होमलेस" ठरू शकता आणि मग मुख्य जबाबदारी काउन्सिलवर राहत नाही. आपल्याकडच्या सभ्यपणाचा इथे तोटाच होतो. तसंच बेघर झालं की लगेच कायमचं घर, असंही नाही, टेम्पररी अकोमोडेशनमध्ये एका खोलीत महिनोन्महिने काढलेली कुटुंबं मी बघितलीत, आणि काउन्सिल खाजगी भाड्याचं घर देऊनही आपली जबाबदारी संपवू शकते.

नाही म्हणाले तर

यादीत घेतलं नाही, बँड कमी दिला, मेडिकल नाकारलं, या सगळ्यावर रिव्ह्यू मागता येतो, मुदत बहुतेक ठिकाणी २१ दिवस, पत्रावर लिहिलेली असते. रिव्ह्यूत रडगाणं नको, पॉलिसीचा परिच्छेद नंबर टाकून लिहा की यात असं म्हटलंय आणि माझ्या बाबतीत असं आहे. तिथेही काउन्सिलच्या कारभारात चूक झाली असं वाटलं तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जा. सल्ला शेल्टर ही सेवाभावी संस्था आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस फुकट देतात. नगरसेवकाची सर्जरी, म्हणजे लोकांना भेटायची ठरलेली वेळ, असते, तिथे भेटा, तो बँड वाढवू शकत नाही पण अडकलेली फाइल हलते. आणि "माझी आतमध्ये ओळख आहे, पाचशे पाउंड द्या" म्हणणारा कुणी भेटलाच, आपलाच माणूस असेल, मराठीत गोड बोलेल, तर चहा पाजून वाटेला लावा.

घर मिळाल्यावर ते भाड्यानं देऊन दुसरीकडे राहायचं नाही, २०१३ पासून तो फौजदारी गुन्हा आहे. बुरशी, गळती लिहून कळवा, ऑक्टोबर २०२५ पासून आवाब्ज लॉ या कायद्याखाली सोशल लँडलॉर्डला, म्हणजे काउन्सिलला किंवा हाऊसिंग असोसिएशनला, तातडीचा धोका २४ तासांत बघावा लागतो. किल्ली हातात आली की सामान आणायच्या आधी गॅस आणि विजेच्या मीटरचा फोटो काढा, तारखेसकट, नाहीतर आधीच्या माणसाचं बिल तुमच्या दारात येतं. आणि एक पक्कड बरोबर न्या, त्या खिळ्यांच्या पट्ट्या आधी काढायच्या असतात.